आज्ञापालन आणि कारभार : अमेरिकेतील कॅथलिक कन्याशाळांतील अभ्यासेतर उपक्रम

१

'कॉन्व्हेंट' हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. मुंबई-पुण्यासारख्या नगरांतून धर्मभगिनींनी चालविलेल्या कन्याशाळांमुळे तो मराठीत रूढ झाला आणि शिस्त, गणवेश व इंग्रजी संभाषण या तीन गोष्टींशी त्याचा अर्थ निगडित झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रकारच्या शाळांचा विसाव्या शतकात फार मोठा विस्तार झाला. तेथील लोकमानसातही त्यांची प्रतिमा बहुतांशी अशीच आहे. घंटेच्या ठोक्यावर चालणाऱ्या, वरून आलेला शब्द प्रमाण मानणाऱ्या आणि मुलींना बाह्य जगापासून जपणाऱ्या संस्था म्हणून त्या ओळखल्या जातात. ही प्रतिमा खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. याच शाळांतून दुपारी वर्ग सुटल्यानंतर मुली सभा भरवीत, पदाधिकारी निवडीत, वर्गणी जमवून तिचा हिशेब ठेवीत, नियतकालिके संपादित करीत, नाटके बसवीत आणि चेंडू घेऊन मैदानात उतरत. सकाळी आज्ञापालनाचा पाठ देणारी संस्था दुपारी कारभाराचे शिक्षण देत होती, आणि या दोहोंत विसंगती आहे असे तिच्या चालकांना वाटत नव्हते.

या वस्तुस्थितीचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. हे सारे उपक्रम म्हणजे मुलींचा मोकळा वेळही नियंत्रणाखाली आणण्याचे साधन होते, असे एक मत आहे. ते स्त्रियांच्या स्वातंत्र्याची पूर्वतयारी होते, असे दुसरे. उपक्रमांची घटना आणि त्यांची प्रत्यक्ष कार्यपद्धती तपासली असता ही दोन्ही मते एकांगी ठरतात. संरक्षणाच्या हेतूने निर्माण झालेल्या चौकटीतच कारभाराचे शिक्षण मिळाले. आणि त्या शिक्षणाला जी मर्यादा पडली तीही त्याच चौकटीमुळे पडली. विवेचनाच्या सोयीसाठी येथे मुख्यतः फिलाडेल्फिया नगरीचे उदाहरण घेतले असून राष्ट्रव्यापी संघटनांचा विचार त्याच्या अनुषंगाने केला आहे.

२

प्रथम या शाळांची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या भूमीवरील कॅथलिक स्त्रीशिक्षणाची परंपरा खुद्द त्या राष्ट्रापेक्षा जुनी आहे. न्यू ऑर्लीन्स येथे उर्सुलाइन भगिनींनी १७२७ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. वॉशिंग्टनलगतच्या जॉर्जटाउन येथे व्हिजिटेशन संघाची शाळा १७९९ मध्ये निघाली. 'अकॅडमी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील अशा शाळा बहुधा सशुल्क व निवासी होत्या आणि संगीत, फ्रेंच भाषा, भरतकाम यांना तेथे मानाचे स्थान होते. मध्यम व वरच्या वर्गातील मुलींसाठीच त्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

या चित्रात पालट घडवून आणला तो स्थलांतरितांच्या लोंढ्याने. आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश अशा कॅथलिक कुटुंबांनी पूर्वेकडील औद्योगिक नगरे भरून गेली. तेथील सार्वजनिक शाळांचे वातावरण आपल्या मुलांना प्रॉटेस्टंट वळण लावील, अशी भीती धर्माधिकाऱ्यांना वाटत होती. बॉल्टिमोर येथे १८८४ मध्ये भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशने, म्हणजे धर्मग्रामाने, आपली स्वतंत्र शाळा काढावी असा दंडक घातला. या शाळा प्राथमिक स्वरूपाच्या होत्या. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी पुढे कोठे जावयाचे, हा प्रश्न लौकरच उपस्थित झाला. फिलाडेल्फियाने त्याला धर्मप्रांताच्या मध्यवर्ती शाळेचे उत्तर शोधले. टॉमस केहिल या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून १८९० मध्ये मुलांसाठी 'रोमन कॅथलिक हायस्कूल' उघडले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींसाठीही तशीच व्यवस्था करण्यात आली. पुढे जॉन डब्ल्यू. हॅलहन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली कन्याशाळा ती हीच. मुलींसाठी धर्मप्रांताने चालविलेल्या अमेरिकेतील शाळांत तिला आद्य मानतात. १९३९ मध्ये 'लिट्ल फ्लॉवर' ही आणखी एक कन्याशाळा त्याच नगरीत सुरू झाली.

या नव्या शाळांचे दोन विशेष पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे, तेथे येणाऱ्या मुली कामगार व कनिष्ठ मध्यम वर्गातील होत्या. शाळा संपताच कचेरीत, दुकानात अथवा टेलिफोन-केंद्रात नोकरी धरणे हे त्यांतील अनेकींचे भवितव्य होते. दुसरे असे की, जुन्या अकॅडमीत एकाच धर्मसंघाचे वळण असे, तर धर्मप्रांताच्या मोठ्या शाळेत निरनिराळ्या संघांच्या भगिनी एकत्र अध्यापन करीत. विद्यार्थिनी शेकड्यांनी, कोठे हजारांनी मोजल्या जात आणि त्या नगराच्या सर्व भागांतून येत. एवढ्या मोठ्या आणि परस्परांना अपरिचित अशा समुदायाला एका संस्थेचे स्वरूप देणे वर्गातील अध्यापनाने साधण्यासारखे नव्हते. उपक्रमांची गरज येथे उत्पन्न झाली.

३

याच सुमारास अमेरिकेच्या सार्वजनिक शिक्षणक्षेत्रात अभ्यासेतर उपक्रमांविषयी एक नवा विचार बळावत होता. राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या आयोगाने १९१८ मध्ये माध्यमिक शिक्षणाची सात मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत आरोग्य, नागरिकत्व, शील आणि फावल्या वेळाचा सदुपयोग यांना विद्येच्या मूलभूत अंगांबरोबर बसविण्यात आले होते. शिक्षणाभ्यासकांच्या राष्ट्रीय संस्थेने १९२६ चे आपले वार्षिक या विषयाला वाहिले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील एल्बर्ट फ्रेटवेल यांनी १९३१ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि हे उपक्रम अभ्यासक्रमातूनच उगवावेत व पुन्हा अभ्यासक्रमालाच समृद्ध करावेत, असा सिद्धांत मांडला. लोकशाहीत वावरावयाचे तर सभा चालविणे, मत मांडणे व पराभव पचविणे यांची सवय शाळेतच झाली पाहिजे, ही या विचारामागील भूमिका होती.

कॅथलिक शाळांना या प्रवाहापासून अलिप्त राहणे शक्य नव्हते. त्यांच्या पदवीला मान्यता हवी असेल, आणि पालकांनी शेजारची सार्वजनिक शाळा सोडून आपली निवडावी अशी इच्छा असेल, तर तेथे जे जे होते ते आपल्याकडेही आहे असे दाखविणे त्यांना भाग होते. परंतु त्यांनी हा विचार जसाच्या तसा उचलला नाही. 'फावला वेळ' ही कल्पना कॅथलिक शिक्षकाच्या दृष्टीने नैतिक धोक्याची जागा होती. तो वेळ भरून काढणे हे आत्म्याच्या रक्षणाचेच कार्य होते. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे परिपत्रक काढले त्यात मुलामुलींच्या सहशिक्षणाचा निषेध होता, आणि शारीरिक व्यायामाच्या प्रसंगी मुलींचे जाहीर प्रदर्शन होऊ नये असा स्पष्ट इशाराही होता. लोकशाहीचे प्रशिक्षण आणि विनयाचे संरक्षण असे हे दोन हेतू एकाच तासात एकत्र आले. या संयोगातून जे निर्माण झाले त्याचे सर्वांत स्पष्ट रूप सोडॅलिटीत दिसते.

४

सोडॅलिटी म्हणजे मरियामातेच्या भक्तांचा संघ. जाँ ल्यूनिस या बेल्जियन जेझुइटाने १५६३ मध्ये रोम येथील जेझुइट महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा असा पहिला संघ स्थापिला आणि १५८४ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्याला मान्यता दिली. आरंभी तो केवळ पुरुषांचा होता. स्त्रियांच्या संघांना त्यात सामावून घेण्याची अनुमती १७५१ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन शतकांनंतर मिळाली. पुढे घडले ते असे की अमेरिकेत तरी हा संघ मुख्यतः मुलींचाच होऊन बसला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे कार्य निळी फीत व पदक धारण करून महिन्यातून एकदा मिस्सेला एकत्र जाणे आणि मे महिन्यात मरियेच्या मूर्तीवर पुष्पमुकुट चढविणे, एवढ्यापुरते उरले होते.

या निद्रिस्त संघाला ज्याने जागे केले तो डॅनियल लॉर्ड (१८८८–१९५५) हा जेझुइट. लेखक, नाटककार, संगीतरसिक आणि १९३० च्या हॉलिवुड चित्रपट-संहितेच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या या गृहस्थाकडे १९२५ मध्ये सेंट लुइस येथील सोडॅलिटीचे केंद्र व 'द क्वीन्स वर्क' हे तिचे नियतकालिक आले. सोडॅलिटी विद्यार्थ्यांनीच चालविली पाहिजे, यावर त्याचा भर होता. प्रीफेक्ट म्हणजे अध्यक्षा, तिच्या साहाय्यिका, चिटणीस व कोषाध्यक्षा ही पदे. त्यांच्या हाताखाली उपासना, धर्मप्रसार, वाङ्मय, समाजजीवन इत्यादी विषयांच्या समित्या. प्रत्येक समितीला ठरलेले काम आणि सभेत त्याचा अहवाल, अशी रचना रूढ झाली. १९३१ पासून 'समर स्कूल ऑफ कॅथलिक ॲक्शन' या नावाची उन्हाळी शिबिरे ठिकठिकाणी भरू लागली. तेथे विद्यार्थिनी, धर्मभगिनी व धर्मगुरू एकत्र बसून चर्चा करीत आणि शाळेत परतलेल्या मुली आपल्या संघाला नवा कार्यक्रम देत.

या रचनेचे परिणाम दोन अंगांनी पाहिले पाहिजेत. शाळेतील सोडॅलिटीच्या सभेत प्रार्थनेनंतर मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाई, समित्यांचे अहवाल येत, सूचना मांडून तिला अनुमोदन घेतले जाई आणि मतदान होई. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला शंभर मुलींसमोर उभे राहून बोलण्याचा, तिच्या सूचनेला कोणी विरोध केला तर उत्तर देण्याचा आणि वर्षअखेर पैशांचा हिशेब देण्याचा हा पहिला प्रसंग असे. ज्या घरांतून या मुली येत तेथे स्त्रीने सभा चालविल्याचे उदाहरण क्वचितच असेल. शिवाय शाळा केवळ मुलींची असल्यामुळे अध्यक्षपद मुलाला आणि चिटणिशी मुलीला अशी जी वाटणी सहशिक्षणाच्या शाळांत सहज होत असे तिला येथे वावच नव्हता. सर्व पदे मुलींनाच भूषवावी लागत. सहशिक्षणाचा निषेध करणाऱ्यांच्या मनात हा परिणाम नव्हता. तो त्यांच्या निषेधातून आपोआप निष्पन्न झाला.

दुसरे अंग असे की संघाचा संचालक धर्मगुरूच असे, आणि दैनंदिन देखरेख धर्मभगिनी करीत. कोणते विषय चर्चेला घ्यावयाचे याची सीमा आधीच आखलेली होती. मुली मतदान करीत ते नाताळात कोणत्या कुटुंबाला शिधा द्यावा यावर, किंवा वाचनालयासाठी कोणती पुस्तके घ्यावीत यावर. शाळेच्या नियमांवर नव्हे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या 'लीजन ऑफ डीसेन्सी' या चळवळीने आक्षेपार्ह चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा देशभर प्रसृत केली आणि शाळाशाळांतील सोडॅलिटी-सभासद तिच्या प्रचारात पुढे होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे आर्चबिशप कार्डिनल डॉहर्टी यांनी आपल्या धर्मप्रांतातील कॅथलिकांना चित्रपटगृहात जाण्यासच मनाई केली. प्रचाराचे तंत्र, सह्यांची मोहीम, दारोदार जाऊन मन वळविणे, हे सारे मुली शिकल्या; परंतु प्रतिज्ञेचा मजकूर त्यांनी ठरविला नव्हता.

५

सोडॅलिटीच्या जोडीने दुसरी मोठी विद्यार्थी-संघटना होती ती 'कॅथलिक स्टुडंट्स मिशन क्रूसेड'. इलिनॉय संस्थानातील टेक्नी येथे १९१८ मध्ये तिची स्थापना झाली आणि पुढे तिचे केंद्र सिनसिनाटी येथे होते. परदेशांतील धर्मप्रसाराच्या कार्याविषयी माहिती मिळविणे, त्यासाठी प्रार्थना करणे व द्रव्य जमविणे हा तिचा उद्देश. शाळेतील शाखेच्या मुली खाद्यपदार्थांची विक्री करीत, वापरलेली पोस्टाची तिकिटे गोळा करीत, जत्रेसारखे कार्यक्रम भरवीत आणि जमलेली रक्कम मिशन-केंद्रांकडे धाडीत.

भारताचा संबंध येथे प्रत्यक्ष येतो. पाटणा येथील मिशन १९२१ मध्ये अमेरिकन जेझुइटांकडे सोपविण्यात आले. ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन स्त्री-डॉक्टरने रावळपिंडीत पडदानशीन स्त्रियांची शुश्रूषा केल्यानंतर १९२५ मध्ये अमेरिकेत मेडिकल मिशन भगिनींचा संघ स्थापिला; या संघाचे ठाणे पुढे फिलाडेल्फियातच झाले. केंटकी संस्थानातील नाझरेथच्या भगिनी १९४७ मध्ये बिहारमधील मोकामा येथे आल्या. अशा मिशनांच्या पत्रांतून आणि मासिकांतून येणारा हिंदुस्थान अमेरिकन शाळकरी मुलींनी वाचला. तो रोग, दारिद्र्य व अज्ञान यांनी ग्रासलेला, आणि साहाय्याची वाट पाहणारा असा होता. त्याच काळात या देशात जी राजकीय जागृती होत होती, जे स्त्रीशिक्षणाचे स्वदेशी प्रयत्न चालू होते, त्यांना त्या चित्रात जागा नव्हती. या दृष्टीने पाहता त्या मुलींचे भूगोलाचे ज्ञान वाढले तरी दृष्टी एकांगीच राहिली. तथापि ॲना डेंगेलसारख्या स्त्रियांचे चरित्र त्यांच्यासमोर आले, ही गोष्टही दुर्लक्षणीय नाही. डॉक्टर होऊन दूरदेशी रुग्णालय चालविणारी स्त्री हा आदर्श त्यांना घराने वा चित्रपटाने दिला नव्हता. तो मिशन-मंडळाच्या भिंतीवरील चित्राने दिला.

नाट्य, गायन, वादविवाद व वार्तापत्र या उपक्रमांविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. नाटकात पुरुषभूमिका मुलीच करीत. लॉर्ड यांनी शाळा-महाविद्यालयांसाठी नाटके व संगीतिका विपुल लिहिल्या आणि त्यांच्या प्रयोगांत प्रकाशयोजना, वेशभूषा, तिकीटविक्री ही कामे विद्यार्थ्यांकडे असत. वार्तापत्रांना मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठातून चालणाऱ्या कॅथलिक शालेय वृत्तपत्रांच्या संघटनेचे मार्गदर्शन मिळे व त्यांचे गुणांकनही होई. वार्षिकाच्या संपादिकेला जाहिराती मिळविण्यासाठी दुकानदारांकडे जावे लागे. शाळेच्या फाटकाबाहेर शाळेचे काम घेऊन जाणारी मुलगी हे दृश्य तिच्या आजीच्या काळी अकल्पनीय वाटले असते.

६

परंतु ज्या उपक्रमात संरक्षण आणि स्वातंत्र्य यांची ओढाताण सर्वांत उघड झाली तो उपक्रम म्हणजे बास्केटबॉल. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधून काढला, आणि लगेच पुढच्या वर्षी सेंडा बेरेनसन या शिक्षिकेने तो स्मिथ महाविद्यालयातील मुलींसाठी घेतला. मुलींना अतिश्रम होऊ नयेत व खेळात धसमुसळेपणा येऊ नये म्हणून तिने मैदानाचे तीन भाग पाडले आणि खेळाडूंनी आपल्या भागाबाहेर जाऊ नये असा नियम केला. पुढे या नियमांत अनेक फेरफार झाले. तथापि मुलींनी संपूर्ण मैदानावर धावू नये हे तत्त्व दीर्घकाळ टिकले. १९२३ मध्ये राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाच्या स्त्री-विभागाने आंतरशालेय चुरशीच्या सामन्यांऐवजी सर्व मुलींना खेळात भाग मिळावा असा पुरस्कार केला. त्याचा परिणाम म्हणून देशातील पुष्कळ सार्वजनिक शाळांनी मुलींचे आंतरशालेय सामने कमी केले अथवा थांबविले.

या पार्श्वभूमीवर फिलाडेल्फियाच्या कॅथलिक कन्याशाळांचे वर्तन अपवादात्मक ठरते. पोपचे परिपत्रक विनयाचा इशारा देत असता आणि क्रीडाशिक्षिकांची राष्ट्रीय संघटना स्पर्धेला प्रतिकूल असता, तेथील कॅथलिक शाळांतून मुलींच्या स्पर्धा उत्साहाने चालू राहिल्या. याचे कारण धर्मग्रामाच्या जीवनात सापडते. बिशप शील यांनी १९३० मध्ये शिकागो येथे 'कॅथलिक यूथ ऑर्गनायझेशन' ही संस्था काढली. तरुणांना वाईट संगतीपासून दूर ठेवण्यासाठी खेळ हे प्रभावी साधन आहे, हा विचार तिच्यामुळे सर्वत्र मान्य झाला. धर्मग्रामांच्या सभागृहांत मुलांप्रमाणे मुलींचेही संघ उभे राहिले आणि शाळेचा विजय हा धर्मग्रामाचा, किंबहुना समाजाचा विजय मानला जाऊ लागला. जूली बर्न या विदुषीने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फिलाडेल्फियातील अशा खेळाडूंच्या आठवणी अभ्यासून असे दाखविले आहे की, या मुली चर्चच्या विरुद्ध बंड म्हणून खेळल्या नाहीत, आणि आज्ञा म्हणूनही खेळल्या नाहीत. खेळण्यात त्यांना आनंद होता व तो त्यांना त्यांच्या समाजाने उपलब्ध करून दिला होता.

या परंपरेचे फळ १९७२ मध्ये सर्व देशासमोर आले. फिलाडेल्फियाजवळील इमॅक्युलेटा हे धर्मभगिनींनी चालविलेले छोटे महिला महाविद्यालय. तेथे बास्केटबॉलचा संघ १९३९ पासून होता. १९७० च्या सुमारास कॅथी रश ही तरुण प्रशिक्षिका तेथे आली, त्या वेळी महाविद्यालयाचे स्वतःचे क्रीडागृहही नव्हते. ते १९६७ च्या आगीत नष्ट झाले होते. संघातील बहुतेक मुली परिसरातील कॅथलिक शाळांतून आलेल्या. १९७२ च्या पहिल्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी इलिनॉयला जाण्याइतके पैसे नव्हते म्हणून खेळाडूंनी दात घासण्याचे ब्रश विकले. तरीही आठच मुलींना जाता आले. सोळा संघांत पंधरावे मानांकन असलेल्या या संघाने अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टर स्टेट या संघाचा ५२–४८ असा पराभव केला. विशेष हे की त्याच प्रतिस्पर्ध्यांकडून अगदी थोड्या दिवसांपूर्वी विभागीय स्पर्धेत इमॅक्युलेटाला ३२ गुणांनी हार पत्करावी लागली होती. १९७३ व १९७४ मध्येही विजेतेपद याच संघाकडे राहिले. घरच्या सामन्यांना धर्मभगिनी प्रेक्षकांत बसून बादल्या वाजवीत. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्स महाविद्यालयाविरुद्ध झालेल्या त्यांच्या सामन्याला सुमारे १२ हजार प्रेक्षक होते. २०१४ मध्ये या संघाला नेस्मिथ स्मारक कीर्तिमंदिरात स्थान मिळाले.

या खेळाडूंपैकी आर्चबिशप प्रेंडरगास्ट शाळेची मेरिॲन क्रॉफर्ड आणि कार्डिनल ओहारा शाळेची थेरेसा शँक यांनी पुढे प्रशिक्षणाचे क्षेत्र गाजविले. ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या संघाला क्रॉफर्डने, विवाहानंतरच्या स्टॅनली या नावाने, १९७९, १९८० व १९८५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. शँक, म्हणजे थेरेसा ग्रेंट्झ, १९९२ च्या अमेरिकन ऑलिंपिक महिला संघाची प्रशिक्षिका झाली. शालेय संघात पैसे जमविणे, प्रवासाची व्यवस्था करणे, संघ एकत्र ठेवणे यांचे जे शिक्षण झाले त्याला येथे व्यवसायाचे रूप आले.

७

येथवरच्या विवेचनावरून उपक्रमांचा इतिहास हा केवळ अभ्युदयाचा आहे असे समजणे चुकीचे होईल. त्याला तीन ठळक मर्यादा होत्या.

पहिली मर्यादा वर्णाची. कृष्णवर्णीय कॅथलिक मुलींसाठी मेरी लँग व तिच्या ऑब्लेट भगिनींनी १८२८ मध्येच बॉल्टिमोर येथे शाळा काढली होती. परंतु अनेक नगरांतील इतर कॅथलिक शाळांची दारे त्यांना दीर्घकाळ बंद होती. सोडॅलिटीचे राष्ट्रीय केंद्र ज्या सेंट लुइस नगरीत होते तेथील कॅथलिक शाळांतही वर्णभेद होता. आर्चबिशप रिटर यांनी १९४७ मध्ये तो संपविण्याचा आदेश दिला, तेव्हा पालकांच्या एका गटाने न्यायालयात जाण्याची भाषा केली. रिटर यांनी धर्मबहिष्काराचा इशारा दिल्यावरच तो विरोध मावळला. सर्व जगाच्या उद्धारासाठी तिकिटे जमविणाऱ्या संघांचे क्षितिज स्वतःच्या नगरात किती आखूड होते, हे यावरून लक्षात येते.

दुसरी मर्यादा आर्थिक. शाळा सुटताच दुकानात कामावर जाणाऱ्या किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला सभेला थांबता येत नसे. पदाधिकारी होणे हे ज्यांना दुपार मोकळी होती त्यांनाच साध्य होते.

तिसरी मर्यादा अधिकाराची. मुलींसमोर जे स्त्रीनेतृत्व होते ते धर्मभगिनींचे. अध्यापन, वसतिगृह, रुग्णालय, द्रव्य यांची व्यवस्था पाहणाऱ्या या स्त्रिया त्या काळातील सर्वांत कुशल प्रशासिकांपैकी होत्या. परंतु धर्मप्रांताच्या शाळेवर अंतिम सत्ता आर्चबिशपाची होती. प्रीफेक्टवर भगिनी, भगिनीवर धर्मगुरू आणि धर्मगुरूवर आर्चबिशप अशी ही उतरंड होती. जे शिक्षण मुलींना मिळाले त्याचा पूर्ण उपयोग करण्यास खुद्द चर्चमध्ये स्थान नव्हते. तो महाविद्यालयांत, कचेऱ्यांत, कामगार-संघांत, क्रीडाक्षेत्रात, म्हणजे बाहेर करावा लागला.

८

१९६० नंतरच्या दशकात ही सारी रचना झपाट्याने बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) धर्मसंघांना आपल्या जीवनक्रमाचा पुनर्विचार करण्यास सांगितले. १९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. २०२० पर्यंत ही संख्या ५० हजारांच्याही खाली आली. बिनपगारी म्हणावे अशा अल्प मोबदल्यावर राबणारा हा वर्ग आटल्यावर शाळांचा खर्च शुल्कावर पडला. कॅथलिक शाळांतील एकूण विद्यार्थिसंख्या १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ५२ लाखांच्या वर गेली होती. पुढे ती सतत घटत गेली. सोडॅलिटीने १९६७ मध्ये 'ख्रिस्ती जीवन समूह' हे नवे नाव व नवे स्वरूप स्वीकारले आणि बहुतेक शाळांतून जुनी सोडॅलिटी नाहीशी झाली. मिशन क्रूसेडचे कार्यही १९७० च्या सुमारास संपुष्टात आले.

दुसऱ्या बाजूने, २३ जून १९७२ रोजी मंजूर झालेल्या शिक्षणविषयक कायद्याच्या नवव्या प्रकरणाने केंद्रीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांत लिंगभेदास बंदी केली. १९७१–७२ मध्ये सर्व अमेरिकन हायस्कुलांत मिळून सुमारे २ लाख ९४ हजार मुली आंतरशालेय खेळांत भाग घेत होत्या. त्यानंतर सहा वर्षांतच हा आकडा २० लाखांच्या पलीकडे गेला. कॅथलिक कन्याशाळांनी जे कायद्याच्या पाठबळाशिवाय केले होते ते आता सार्वजनिक शाळांनी कायद्याने केले. याचा परिणाम असा झाला की मोठी विद्यापीठे शिष्यवृत्त्या देऊ लागली आणि इमॅक्युलेटासारख्या छोट्या महाविद्यालयाचे दिवस मावळले. मुलींसाठी संपूर्ण संधी हे या शाळांचे वैशिष्ट्य सर्वत्र पोचले, तेव्हा शाळांचे वेगळेपणच क्षीण झाले. फिलाडेल्फियातील हॅलहन कन्याशाळा २०२१ मध्ये बंद झाली. शाळेच्या शेवटच्या दिवशी लोगन चौकातील कारंजात उड्या घेण्याची तेथील मुलींची जुनी प्रथा नगरात सर्वश्रुत होती.

या इतिहासाचा निष्कर्ष असा काढता येईल. संस्थेचा हेतू आणि तिचा परिणाम यांत अंतर असते, हे सर्वमान्य आहे. परंतु येथे ते अंतर कोठून उत्पन्न झाले हे नेमके सांगता येते. मुलींना पुरुषांपासून वेगळे ठेवण्याच्या निर्णयामुळे सर्व पदे रिकामी राहिली आणि ती मुलींनाच भरावी लागली. फावला वेळ भरण्याच्या आग्रहामुळे कामे निर्माण झाली आणि ती मुलींनाच पार पाडावी लागली. धर्मकार्य म्हटल्यामुळे या कामांना घरच्यांचा विरोध झाला नाही. अशा रीतीने ज्या तीन गोष्टी नियंत्रणासाठी होत्या त्याच तीन गोष्टींनी कारभाराला जागा करून दिली. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने केवळ धर्मपीठाची परिपत्रके आणि शाळांची नियमपत्रके वाचून थांबू नये. सोडॅलिटीच्या इतिवृत्ताच्या वह्या, कोषाध्यक्षेचे हिशेब, वार्षिकांचे अंक आणि सामन्यांची गुणपत्रके हीच या इतिहासाची मुख्य साधने होत. शाळा बंद होत असता इमारतींचे मूल्यमापन होते, जमिनी विकल्या जातात. पण या वह्या जपण्याची जबाबदारी बहुधा कोणाच्याच वाट्याला येत नाही. एखाद्या सोळा वर्षांच्या कोषाध्यक्षेने जमाखर्चाच्या दोन्ही बाजू जुळवून खाली केलेली सही ही त्या शाळेने दिलेल्या शिक्षणाचा एक अस्सल पुरावा आहे, आणि वही रद्दीत गेली म्हणजे तोही जातो.